कोरी बाटली

"ह्या बाटलीत काय आहे?"

"काही नाही."

"पाणी दिसतंय की."

"पाणीच आहे. पण पाण्याशिवाय काही नाही."

"मग हिला नाव कशाला दिलंय?"

हा प्रश्न मला आवडला. मी हातातला खोका बाकावर ठेवला आणि विचारणाऱ्या मुलीच्या शेजारी बसले. खोक्यात बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उभ्या होत्या. एकीवर मी 'वेदपाठक' असं लिहून चिकटवलं होतं आणि दुसरीवर 'कोरी'.

"तुझ्या वहीचं कोरं पान असतं ना," मी म्हटलं, "त्यावर आधीचाच एखादा डाग असला तर? तो तू पाडलास की आधीपासून होता, हे तुझ्या बाईंना कसं कळणार?"

"मी सांगेन, मी नाही पाडला."

"आणि त्यांना पटलं नाही तर?"

"मग लिहायच्या आधीच पान दाखवून ठेवायला पाहिजे."

"तसंच हे. तुझ्या आबांची बाटली जिथे उघडायची, तिथे हीसुद्धा उघडायची. ती जितका वेळ उघडी, तितकाच वेळ ही उघडी. हवेत आपल्याला न दिसणारं काही असलं, तर ते हिच्यातही पडेल. मग मी ही मोजते."

"काहीच नसलेलं मोजता?"

"आधी तेच मोजते."

पलीकडे बसलेले तिचे आबा हसले. "बाई, तुम्ही फसलात आता. हिला एक उत्तर दिलं की सुटका नाही. केतके, त्यांना कामं आहेत."

"मला पण आहे काम," केतकी म्हणाली. "मी विचारतेय ना."

या गोष्टीला पंधराएक वर्षं झाली. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा रसायनतज्ज्ञ होते. शरीरातल्या पातळ पदार्थांमध्ये धातूचा अगदी पुसटसा अंश असला तरी तो मोजायचा, हे माझं काम. रांजणभर पाण्यात मिठाचा एक कण पडला तरी ओळखेल असं आमचं यंत्र होतं. पण यंत्र इतकं तिखट असलं की माणसाला फार जपून वागावं लागतं. नमुना काढायच्या साध्या सुईच्या पोलादातूनसुद्धा धातू उतरतो. म्हणून आमच्या नमुन्यांसाठी सुया, नळ्या, बाटल्या सगळं मी स्वतः खाली घेऊन यायची आणि पहिलं निघालेलं पाणी टाकून द्यायला लावायची. डॉक्टर मंडळी मला हसायची, पण ऐकायची.

दिगंबर वेदपाठक, म्हणजे केतकीचे आबा, यांच्या उजव्या खुब्यात काही वर्षांपूर्वी कृत्रिम सांधा बसवला होता. धातूच्या वाटीत धातूचा गोळा. असे सांधे कधीकधी एकमेकांवर घासून झिजतात, त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम सुटतं आणि रक्तात जातं. आबांच्या कानात गेलं वर्षभर रातकिडे ओरडत होते. हात थरथरायचे, जिना चढताना दम लागायचा, खुबा दुखायचा. अस्थितज्ज्ञ डॉ. सरनाईकांनी रक्त तपासून घेतलं, तर कोबाल्ट भलताच वाढलेला. आता खुब्यात सुई घालून सांध्यातलं पाणी काढायचं आणि ते मोजायचं, असं ठरलं होतं. त्यातही धातू जास्त निघाला तर सांधा काढून दुसरा बसवावा लागणार होता. आबांचं हृदय आता पहिल्यासारखं नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद पाहून नुसती नकारार्थी मान हलवली होती.

आणि केतकीला आबांशिवाय कुणी नव्हतं. आई ती लहान असतानाच गेली. वडील परदेशात, दुसऱ्या संसारात. नागपूरला एक मावशी होती, मायेची होती, आणि तिनं सांगून टाकलं होतं की ऑपरेशन ठरलं की पोरीला मी घेऊन जाणार. तिथल्या शाळेत विचारूनही ठेवलं होतं.

डॉ. सरनाईक दार उघडून बाहेर आले. "आबा, रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा म्हटलं होतं ना?"

"हो."

"सिस्टर म्हणतात, सकाळी घेतलीत."

"सवयीनं घेतली. हात आपोआप जातो."

"मग सुई आज नाही. गुरुवारी या. आणि हाताला सांगून ठेवा."

आबा काठी टेकत कागदावर सही करायला आत गेले. केतकी बाकावरच बसून राहिली. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "काकू, गुरुवारपर्यंत काही ठरणार नाही ना?"

"नाही."

"मावशी म्हणते, त्या शाळेला केवढं मोठं मैदान आहे." तिनं ओठ आवळले. "मला नकोय मैदान."

अशा वेळी मुलांना हातात काहीतरी द्यावं, एवढंच मला येतं. मी खोक्यातून आणखी एक बाटली काढली, तिच्यावर 'केतकी' असं लिहिलं आणि तिला दिली.

"ही तुझी कोरी. झाकण न उघडता सांभाळायची. गुरुवारी आणून दे. आबांच्या बाटलीबरोबर मी हीपण मोजीन."

"खरंच मोजाल? का उगीच?"

"खरंच."

तिनं बाटली उजेडाकडे धरली, हलवली, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

गुरुवारी आबांची गोळी बंद होती. मी माझ्या सुया घेऊन आत उभी होते. सांध्यातलं पाणी हे नावालाच पाणी. अंड्यातल्या पांढऱ्यासारखं चिकट, बोटांत धरलं तर तार सुटेल असं. आबांचं पिवळसर आणि स्वच्छ निघालं. झिजलेल्या सांध्यातलं कधीकधी राखाडी असतं, पण नुसत्या रंगावर मी कधी विसंबत नाही.

"कसं आहे?" आबांनी आडवं पडल्या पडल्याच विचारलं.

"बाटली बोलेल, मग मी सांगेन."

"माझ्या नातीच्या वळणावर गेलात तुम्ही."

बाहेर केतकीनं तिची बाटली माझ्या हातात दिली. झाकण घट्ट लावलेलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लगेच मोजा हं."

शुक्रवारी मी मोजायला बसले. चिकट पाणी तसंच यंत्रात घातलं तर नळीत अडकतं, म्हणून आधी ते आम्लात विरघळवून पातळ केलं. सगळ्यात आधी माझी कोरी. तिच्यात काही नव्हतं. मग आबांचं पाणी. आकडा आला तो पाहून मी खुर्ची मागे सरकवली. धातूचा सांधा असलेल्या माणसात थोडा असायचाच, तितकाच कोबाल्ट. त्याहून जास्त नाही. क्रोमियमही तसंच.

रक्तात एवढा, आणि सांध्यात नाही. असं कसं होईल? मला वाटलं, चिकटपणामुळे यंत्राला दिसत नसावा. म्हणून उरलेल्या नमुन्यात मी स्वतः थोडा कोबाल्ट मोजून घातला आणि पुन्हा लावलं. घातलेला सगळा परत दिसला. यंत्र आंधळं नव्हतं. सांधा झिजत नव्हता, एवढं नक्की झालं. पण मग रक्तात धातू येत कुठून होता? ते कळेपर्यंत डॉक्टर आबांना मोकळं सोडणार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. माणूस रोज थकत चालला होता.

यंत्र धुवून बंद करणार, तेवढ्यात टेबलावरची केतकीची बाटली दिसली. शब्द दिला होता. मी तिच्यात नेहमीसारखं थेंबभर आम्ल घातलं आणि नळी आत सोडली.

पडद्यावरची रेघ वर गेली आणि वरच राहिली. कोबाल्ट. पाठोपाठ क्रोमियम. इतकं की नंतर यंत्रातून बराच वेळ शुद्ध पाणी सोडत बसावं लागलं. मी बाटली दिव्यासमोर धरली. तळाशी राखाडी धुळीची बारीकशी रेघ होती. हलवली की विरायची.

मी डॉ. सरनाईकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते व्यवसाय काय करतात हो?" मी विचारलं.

"कवळ्या करायचे. पण ते सोडलं त्यांनी. पाटावर बसून करायचं काम, खुब्याला चालणारच नाही. मीच बंद करायला लावलं, ऑपरेशन झाल्याबरोबर."

"सोडलं असं तेच म्हणाले?"

ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी जाऊन बघता का? मी गेलो तर म्हातारा दार उघडणार नाही."

भवानी पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. शनिवारची दुपार. जिन्यातच मला बारीक घरघर ऐकू आली, दातांच्या दवाखान्यात येते तशी. मी कडी वाजवली आणि घरघर थांबली. दार केतकीनं उघडलं. मला बघून ती एकदम बाजूला झाली. आत आबा पाटावरून उठायच्या खटपटीत होते.

"बसा, बसा," मी म्हटलं. "मी डॉक्टर नाही."

"त्यांची हेर आहात," आबा म्हणाले, आणि परत बसले.

समोर बुटकं मेज, त्यावर घासायची छोटी मोटर. चिमट्यात धातूची एक नाजूक पट्टी धरलेली, तिला दोन्ही बाजूंना दाताला अडकवायचे बारीक आकडे. कवळीचा सांगाडा. ओतकाम बाहेरून करून आणायचे आणि घासून, चकाकी देऊन दात बसवायचं काम घरी करायचे. मेजाच्या पलीकडे केतकीचा पाट होता. त्यावर उघडी वही, पेन्सिल, आणि अर्धवट खाल्लेला पेरू. खोलीची खिडकी बंद होती आणि फटीत कापडाच्या पट्ट्या खोचलेल्या होत्या. उकाड्यानं माझ्या कपाळावर घाम आला. वर पाहिलं तर छताला पंख्याचा नुसता हूक.

"सोडलं म्हणाला होतात ना काम?"

"सोडलंच होतं. पण माणसं यायची ना. दात नसलेला माणूस भाकरी दुधात कुस्करून गिळतो, ते बघवत नाही हो मला." त्यांनी पट्टी उजेडात धरली. हात थरथरत होता, पण पट्टी धरलेली दोन बोटं स्थिर होती. "ही एका शिक्षिकेची आहे. तिला 'स' म्हणता येत नाही. पोरं हसतात वर्गात."

"हा धातू कोणता?"

"क्रोम-कोबाल्ट. गंजत नाही, वाकत नाही."

"तुमच्या खुब्यात आहे तोच."

"हो? म्हणजे मी आतून-बाहेरून एकच की."

मला हसू आलं नाही. "आबा, पंखा का नाही इथे?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले आहे. "सोनाराच्या घरात पंखा लावतात का बाई? आमची सोनाराची जात. वडील, आजोबा सगळे दागिने घडवायचे. मीच दातांकडे वळलो. कानशीचा कीस उडाला तर नुकसान. लहानपणी मी खिडकी उघडली म्हणून मार खाल्लाय. दार लावायचं, खिडकी लावायची, मग घासायला घ्यायचं. आणि उठताना सगळं झाडून डब्यात." त्यांनी मेजाखालचा पत्र्याचा डबा पायानं दाखवला. "ह्या धातूला काय किंमत येते? काही नाही. पण हाताला तशी सवय. टाकवत नाही."

मी डबा उघडून बघितला. काठोकाठ राखाडी, मऊ भुकटी. बाटलीच्या तळाशी होती तीच.

"आबा, तुमचा सांधा चांगला आहे," मी म्हटलं. "काल मोजलं. तो झिजत नाहीये. रक्तातला धातू तिथून येत नाही."

"मग?"

मी मेजावर बोट फिरवलं आणि त्यांना दाखवलं. मग त्यांच्या शर्टाच्या बाहीवर फिरवलं. ते अजूनही शांतच होते. म्हणाले, "एवढ्याशा किसानं होतं हे? सोन्यानं कधी कुणाला..."

"हे सोनं नाही."

आणि मग ते माझ्याकडे बघायचे थांबले. त्यांची नजर पलीकडच्या पाटाकडे गेली. उघड्या वहीकडे, पेरूकडे. केतकी दाराशी उभी होती. त्यांनी हात पुढे केला. ती जवळ आली, तसं त्यांनी तिच्या केसांवरून तळवा फिरवला आणि तो उलटा करून पाहिला. तळव्यावर राखाडी भुकटी आली होती.

"ती इथेच अभ्यास करते," ते म्हणाले. "मीच बसवतो समोर. म्हणजे लक्ष राहतं."

"वेळ गेलेली नाही. हे निघून जातं अंगातून. तिचंही रक्त तपासू."

त्यांनी काठी घेतली नाही. मेजाचा आधार घेत, एका हातानं भिंत चाचपत ते उठले आणि खिडकीशी गेले. कापडाच्या पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या. खिडकीची दारं फुगून बसली होती, त्यांना ती उघडेनात. मग आम्ही तिघांनी मिळून धक्का दिला.

बाहेरून वारा आला आणि केतकीच्या वहीची पानं फडफडली.

"मी नाही सांगितलं हं, आबा," ती म्हणाली. "कुणाला नाही सांगितलं तुम्ही काम करता ते. शपथ."

"नाही बाळ. नाही सांगितलंस."

मी निघाले तेव्हा ती मला सोडायला खालपर्यंत आली. शेवटच्या पायरीवर थांबली. "काकू, तुम्ही म्हणाला होतात झाकण उघडायचं नाही."

"हो. आणि ते उघडलं गेलं. पडली होती का बाटली?"

"नाही." ती पायरीवरच्या टवक्याशी पायानं खेळत राहिली. "आबा घासायला बसले की मी झाकण काढायचे आणि वहीमागे ठेवायचे. ते उठले की लावायचे. ते जितका वेळ, तितकाच वेळ. तुम्ही सांगितलं होतं तसं."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. "का गं?"

"दिवाळीत आम्ही मावशीकडे राहिलो होतो ना, तेव्हा आबांचे रातकिडे कमी झाले होते. घरी आलो आणि परत ओरडायला लागले. मला वाटलं, आमच्या घरात काहीतरी आहे, दिसत नाही असं. पण मी कुणाला सांगितलं असतं तर आबांचं काम पण सांगावं लागलं असतं, आणि मला त्यांची शपथ होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाटलीला कुणी शपथ घातली नव्हती."

वर खिडकीतून आबांनी तिला हाक मारली. आवाज नीट ऐकू आला, कारण खिडकी उघडी होती.

सांधा काढायचा बेत डॉ. सरनाईकांनी रद्द केला. आबांवर ते रागावलेच, पण राग फार वेळ टिकला नाही. खुबा दुखायचा तो पाटामुळे, असं म्हणून त्यांनी स्वतः एक उंच स्टूल पाठवून दिलं. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे धूळ ओढून घेणारं यंत्र होतं, तिथे आबा घासायला जाऊ लागले, तोंडाला फडकं बांधून. डबा आम्ही प्रयोगशाळेतर्फे नीट बांधून नेला. केतकीच्या रक्तातही धातू निघाला, पण थोडा. नागपूरची मावशी येऊन राहिली, घर पाण्यानं पुसून पुसून लख्ख केलं, आबांना यथेच्छ बोलली आणि एकटीच परत गेली.

आबांचा कोबाल्ट हळूहळू उतरत गेला. रातकिडे पूर्ण गेले नाहीत. एक-दोन राहिलेत, सोबतीला, असं ते म्हणायचे.

मधले काही महिने गेले. एके सकाळी केतकी प्रयोगशाळेच्या काचेवर टकटक करताना दिसली. शाळेच्या गणवेशात होती. तिनं दप्तराच्या आतल्या कप्प्यातून एक बाटली काढून माझ्यापुढे धरली. मी मागे एकदा तिला दिलेली, शुद्ध पाण्याची. चिठ्ठीवर तिनंच पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'घर'.

"आठवडाभर उघडी ठेवली," ती म्हणाली. "अभ्यासाच्या जागेवरच. पंख्याखाली."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर यंत्र लावलं. आधी माझी कोरी. मग तिची. आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो. रेघ आली, आणि खालीच राहिली. माझ्या कोरीशेजारी ठेवली तर कुठली कुणाची ते सांगता आलं नसतं.

"काय आहे तिच्यात?" तिनं विचारलं. विचारताना खुर्चीची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"काही नाही," मी म्हटलं.

तिनं हात सोडले. मग दप्तर पाठीला लावलं, दारापर्यंत गेली, आणि वळून म्हणाली, "तसं लिहून द्या ना. आबांना दाखवायचंय."